तक्रार वेगाची नको, डब्याची करा

इंटरनेट नीट चालत नाही म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी त्याला घरी परत पाठवतो. भिंतीवरचा वायफायचा डबा खाली काढ, उलटा कर, पोटावरचं स्टिकर वाच, त्याचा फोटो घे आणि मग ये, एवढं सांगतो. निम्म्या लोकांनी वर्षानुवर्षं वापरलेला तो डबा एकदाही हातात घेतलेला नसतो. दिवे लुकलुकतात, म्हणजे चालू आहे, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली. कराड, पाटण, इस्लामपूर, सांगली आणि शेवटी सातारा. खांबावर चढलो, पावसात जोड बांधले, एक्स्चेंजमध्ये रात्रपाळ्या केल्या. तेव्हा तार तांब्याची होती, आता काचेची आहे. पण दोष नेमका कुठे आहे हे सांगू शकणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम तेव्हाही आधी व्हायचं, आजही आधी होतं. ‘फोन बिघडलाय’ म्हणणाऱ्याला आम्ही ‘बघतो’ म्हणायचो. ‘खांबाजवळच्या डबीत पाणी शिरलंय, पाऊस आला की खरखर होते’ म्हणणाऱ्याकडे माणूस धाडायचो. निवृत्त झाल्यावर शेजारपाजारच्यांना मी हेच शिकवत आलोय, आणि आता लिहून ठेवतोय.

माझी थोरली लेक सांगलीला विश्रामबागेत असते. तिनं २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, वर्षाचे पैसे आगाऊ भरले. जोडणीला आलेला पोरगा म्हणाला, ‘ताई, राउटर फ्री आहे,’ आणि डबा ठोकून गेला. त्यानंतर चार महिने ती फोन करत राहिली. पहिल्यांदा उत्तर आलं, लाइन ओके आहे. मग, तुमच्या भिंती जाड आहेत. मग, तुमचा मोबाइल जुना आहे. मग, संध्याकाळी सगळीकडेच लोड असतो. नातू बारावीला, त्याचा क्लास मध्येच थांबायचा, आणि पोर चिडून ताटावरून उठायचं. शेवटी ती म्हणाली, ‘आबा, आता तुम्हीच या.’

मी गेलो आणि डबा खाली घेतला. पोटावरच्या स्टिकरवर आधीच्या कुणाच्या तरी वायफायचं नाव पेनानं लिहिलेलं होतं आणि त्यावर व्हाइटनर फासलं होतं. नखानं खरवडलं तर अक्षरं वाचता आली. हवा खेळायला बाजूनं ज्या फटी असतात, त्यांत बारीक करडी माती घट्ट बसली होती. सांगलीच्या माणसाला ती माती ओळखायला वेळ लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर कपाटांच्या बिजागऱ्यांत आणि शिवणयंत्रांच्या चाकांत जो गाळ वाळून बसला होता, तो असाच होता. हा डबा महापुरातलाच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तो नवा नव्हता, एवढं मात्र कुणीही सांगितलं असतं.

मग लॅपटॉपला तार जोडली. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो, तिथे १०० हा आकडा होता. स्टिकरवरचा मॉडेल नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर शोधला. तार लावायची सगळी भोकं १०० एमबीपीएसची, वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. म्हणजे गिऱ्हाइकानं २०० चा प्लॅन घेतला काय किंवा ५०० चा घेतला काय, त्या डब्यातून तारेनं ९४-९५ च्या वर काही निघणं शक्यच नव्हतं, आणि वायफायवर त्याच्याही निम्मंच. टाकी कितीही मोठी बांधली तरी तोटी अर्ध्या इंचाची असेल तर धार तेवढीच पडणार.

सगळा कानमंत्र यातच आहे. वेगाची तक्रार केलीत की कंपनीला दहा उत्तरं सुचतात. जाहिरातीत ‘२०० पर्यंत’ असं छापलेलं असतं, त्या ‘पर्यंत’मागे तिला लपता येतं. भिंत, मोबाइल, हवामान, शेजाऱ्याचं वायफाय, सगळ्यांवर दोष ढकलता येतो. डब्याची तक्रार केलीत की यातलं एकही उत्तर चालत नाही. २०० चे पैसे घेतले आणि १०० ची तोटी बसवली, ही गोष्ट मॉडेल नंबरवरून सिद्ध होते. तिला हवामान लागत नाही.

पण डब्यावर बोट ठेवण्याआधी स्वतःकडची खात्री करून घ्या. खोट्या तक्रारीनं आपलाच शब्द हलका होतो. पहिली गोष्ट तारेची. डब्याला जोडायच्या लॅन केबलीत आठ तारा असतात. घाईत काम करणारा कधी चारच जोडतो, कधी टोकाच्या पिनेत एखादी तार नीट बसत नाही. अशा केबलीवर चांगला डबाही १०० वरच अडकतो. म्हणून दुकानातून टोकं बसवलेली तयार केबल आणा आणि तिच्यावर तपासा. मोबाइलवर घेतलेली चाचणी पुरावा म्हणून लंगडी असते. तारेनं घ्या, तीन दिवस घ्या, सकाळ-दुपार-रात्र घ्या, आणि दर वेळी तारीख-वेळ दिसेल असा फोटो ठेवा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचं मायस्पीड नावाचं अ‍ॅप आहे, मोबाइलवरच्या मोजणीला तेही जोडीला असू द्या.

दुसरी गोष्ट आकड्यांची. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो, फाइल उतरवताना पडद्यावर दिसणारा बहुतेक वेळा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटनं उतरत असेल, तर तुम्हाला पुरेपूर मिळतंय. हे न कळल्यामुळे कितीतरी जण उगाच भांडत बसतात.

स्टिकर कसं वाचायचं, तेही सांगतो. मॉडेल नंबर असतोच, त्यावरून पुढचं सगळं मिळतं. माहितीत भोकांपुढे १०/१०० लिहिलं असेल तर ती जुनी, धीमी भोकं. १०/१००/१००० असेल तर गिगाबिटची. वायफायपुढे ८०२.११ एन एवढंच असेल तर ते २००९ सालचं मानक, त्याला आता वायफाय ४ म्हणतात. एसी म्हणजे वायफाय ५, ते २०१३ चं. एएक्स म्हणजे वायफाय ६. नुसत्या २.४ च्या डब्याला एकपदरी म्हणा, २.४ आणि ५ दोन्ही असेल तर दुपदरी. हा ५ म्हणजे मोबाइलचा ५जी नव्हे, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. डबा खरेदीचा असेल तर पेटीही मागून घ्या. वेष्टनावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणं वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. जो माणूस पेटीशिवाय, पिशवीतून डबा काढून भिंतीला लावतो, त्याला तिथेच थांबवा आणि नवा आहे की वापरलेला, ते विचारा. त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

आणि एक, जुनं म्हणजे वाईटच असं नसतं. ४० चा प्लॅन आहे, घरात दोन माणसं आहेत, दगडी वाडा आहे, तर एकपदरी डबा कुरकुर न करता चालतो. जाड भिंतीतून २.४ ची लहर ५ पेक्षा जास्त आत जाते. साताऱ्याच्या जुन्या पेठेत अशी कितीतरी घरं मी बघितलीत. तक्रार तेव्हाच, जेव्हा विकलेल्या गोष्टीला तो डबा पुरा पडत नाही, किंवा वापरलेला डबा नवा म्हणून गळ्यात बांधला जातो, किंवा त्याची सुरक्षा संपलेली असते.

सुरक्षेचं दोन वाक्यांत सांगतो. डब्याच्या आतली प्रणाली बनवणारी कंपनी काही वर्षं दुरुस्त करत राहते, मग थांबते. २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ या कुलपातच फट सापडली होती. ज्या डब्यांना पुढे दुरुस्ती मिळाली ते सावरले, ज्यांना मिळालीच नाही ते तसेच राहिले, आणि त्याच डब्यावरून आपण बँकेचे व्यवहार करतो. म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न असा : या मॉडेलला बनवणाऱ्याकडून अजून सुरक्षा-दुरुस्ती मिळते का? हा प्रश्न लेखी विचारा.

अ‍ॅडॉप्टरची एक गोष्ट राजवाड्याजवळच्या एका दुकानातली. रोज संध्याकाळी डबा आपोआप बंद व्हायचा आणि चालू व्हायचा, गिऱ्हाइकांचे ऑनलाइन पैसे अडकायचे. दोन वेळा डबा बदलून झाला होता. मी अ‍ॅडॉप्टर हातात घेतला तर चटका बसला. डब्याच्या पोटावर लिहिलेलं १२ व्होल्ट, १.५ अँपिअर, आणि अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर. कुठल्या तरी दुसऱ्या यंत्राचा अ‍ॅडॉप्टर लावून दिला होता. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नव्हता. डबा आणि अ‍ॅडॉप्टर यांचे आकडे जुळवून बघायला एक मिनिट लागतं.

आता डबा कुणाचा, या प्रश्नाकडे या. हे जोडणीच्या दिवशीच ठरवून घ्यायचं. अनामत घेऊन दिला असेल तर डबा कंपनीचा, तो चालू स्थितीत ठेवणं आणि प्लॅनला पुरेसा ठेवणं तिचं काम. दरमहा भाडं लावलं असेल तर तेच. ‘फ्री’ दिला असेल तरी तुमच्या प्लॅनच्या पैशांच्या बदल्यातच दिलाय, दान नव्हे. फुकट दिला म्हणून तक्रार करता येत नाही, हे ऐकून घेऊ नका. तुम्ही विकत घेतला असेल तर बिल आणि वॉरंटी तुमच्या हातात हवी. बिल मागूनही न देणं हीच कायद्यानं अनुचित प्रथा आहे. आणि प्लॅन वाढवून घेताना विचारायला विसरू नका : माझ्या सध्याच्या डब्यावर हा वेग बसतो का? ५० वरून ३०० वर नेलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या भिंतीवर तोच ५० चा डबा लटकत असतो, आणि पैसे मात्र ३०० चे जातात. हा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण प्लॅन विकणाऱ्याला ते पडद्यावर दिसत असतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे, पण त्यातले शब्द आपल्याला वापरता आले पाहिजेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानं १९८६ चा कायदा बदलला. सेवेच्या व्याख्येत नव्या कायद्यानं दूरसंचार हा शब्दच घातला आहे. सेवेतली त्रुटी म्हणजे काय, तर तिच्या दर्जात, स्वरूपात किंवा देण्याच्या पद्धतीत असलेला दोष, उणीव किंवा अपुरेपणा. आणि ग्राहकाला महत्त्वाची माहिती मुद्दाम न सांगणं हेही त्यातच येतं. १०० चा डबा लावताना ‘यावर २०० येणार नाही’ हे न सांगणं इथे बसतं. अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत तर स्वच्छ लिहिलंय, की वापरलेली, दुरुस्त केलेली, नव्यानं सजवलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून खपवणं ही अनुचित प्रथा आहे. ते कलम २, उपकलम ४७. हा आकडा लिहून ठेवा. माझ्या लेकीच्या पत्रात आम्ही तो लिहिला होता, आणि उत्तराचा सूर त्यानंच बदलला असं मला वाटतं.

फोन-इंटरनेटच्या बाबतीत हा रस्ता मधली काही वर्षं बंद झाला होता. १ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं एम. कृष्णन यांच्या प्रकरणात सांगितलं, की टेलिफोनचे वाद जुन्या तार कायद्यातल्या ७-ब कलमाखाली लवादाकडे जातील, ग्राहक मंचाकडे नाही. त्यानंतर देशभर कितीतरी ग्राहकांच्या तक्रारी त्या एका निकालावर बोट ठेवून फेटाळल्या गेल्या. मी तेव्हा खात्यात होतो. लवाद म्हणजे काय, अर्ज कुठे करायचा, हे विचारत लोक यायचे आणि मान खाली घालून जायचे. मला ते बघवत नसे. १६ फेब्रुवारी २०२२ ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, सूर्य कांत आणि विक्रम नाथ यांच्या पीठानं व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अग्रवाल या प्रकरणात तो अडसर काढला. ग्राहक आयोगात जाता येतं, हे आता पक्कं आहे. कंपनीच्या माणसानं अजूनही ‘ग्राहक कोर्टात हे चालत नाही’ म्हटलं, तर त्याला ही तारीख सांगा.

दुकानदारांचा एक हमखास प्रश्न असतो : मी धंद्यासाठी नेट घेतलंय, मग मी ग्राहक कसा? व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा कायद्याबाहेर आहे, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी चालवलेला छोटा धंदा त्यातून वगळलेला आहे. सेतू केंद्र चालवणारी बाई, झेरॉक्सचं दुकान, तासगावात बसून हिशेब लिहिणारा कर सल्लागार हे ग्राहकच.

आता काम कसं करायचं ते सांगतो. फोनवर तक्रार केलीत की तक्रार क्रमांक घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो द्यायलाच हवा. क्रमांकाशिवाय केलेले चाळीस फोन म्हणजे एकही फोन केलेला नाही, असं धरा. दुरुस्तीला आलेला पोरगा जाताना म्हणतो, ‘काका, ओटीपी सांगा.’ तो ओटीपी म्हणजे तक्रार मिटल्याची तुमची सही असते. काम झालं नसेल तर देऊ नका, गोड बोलून नाही म्हणा. त्याच्यावर डाफरू नका. त्याला गोदामातून जो डबा हातात दिला तो त्यानं लावला, आणि दिवसाला दहा-बारा घरं करायची असतात. बरं वागलात तर तोच तुम्हाला हळूच सांगतो, की गोदामात नवे डबे आलेत.

तीन दिवसांच्या वर जोडणी पूर्ण बंद राहिली, तर भाड्यातली सूट मागा. ट्रायनं २००६ मध्येच ब्रॉडबँडच्या दर्जाच्या नियमांत अशी सूट आणली होती, आणि दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. न मागता ती सूट मिळालेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

कंपनीच्या उत्तरानं समाधान झालं नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. मुदत ३० दिवस, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. बहुतेकांना ही पायरी ठाऊकच नसते. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हेही लक्षात घ्या. तिकडे पत्रं पाठवून महिने घालवू नका.

आपल्याकडे नेट बहुधा गल्लीतला केबलवाला देतो, पण परवाना दुसऱ्याच कंपनीचा असतो. बिलावर जे नाव छापलंय ती तुमची कंपनी. दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं असू शकतं. पत्र दोघांनाही पाठवा, म्हणजे ‘आमचा संबंध नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

पत्र एका पानाचं पुरे. लेकीनं लिहिलेलं साधारण असं होतं : ‘मी अमुक तारखेला २०० एमबीपीएसच्या प्लॅनचे वर्षाचे पैसे भरले, बिल जोडले आहे. आपण बसवलेल्या डब्याचे मॉडेल अमुक, त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, माहितीपत्रक जोडले आहे. डबा आधी वापरलेला आहे, छायाचित्रे जोडली आहेत. ही सेवेतील त्रुटी आणि कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. १५ दिवसांत प्लॅनला पुरेसा नवा डबा बसवावा आणि गेल्या चार महिन्यांच्या फरकाची रक्कम द्यावी. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’ बस. संताप नाही, मोठे शब्द नाहीत, भरपाईचा फुगवलेला आकडा नाही. थोडं मागा आणि जे मागाल ते पूर्ण सिद्ध करा. ई-मेल करा आणि टपालानंही पाठवा. जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर पोचपावतीसकट स्पीड पोस्ट मागा.

त्याच्या जोडीला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लावा. ती हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर पोहोचवते, आणि लहान वाद पुष्कळदा तिथेच मिटतात. लेकीचंही तसंच झालं. पत्र गेल्यावर नवव्या दिवशी फोन आला, अकराव्या दिवशी दुपदरी, गिगाबिटचा, पेटीबंद डबा आला. तारेवर १८८ चा वेग लागला. पैशांऐवजी त्यांनी प्लॅन दोन महिने वाढवून दिला. मी असतो तर रोख फरकावर अडून बसलो असतो. पण निर्णय तिचा होता, आणि नातवाची परीक्षा तोंडावर होती.

तिथे मिटलं नसतं तर पुढची पायरी सांगलीतच होती. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांना आपापला ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीत असो की हैदराबादेत, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ही २०१९ च्या कायद्यानं दिलेली मोठी सोय आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागत नाही, स्वतः बोलता येतं, मराठीत बोलता येतं. अर्ज घरी बसून ई-जागृती पोर्टलवरही भरता येतो. वस्तू तपासायची गरज वाटली तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून डबा स्वतः उघडू नका, सील तोडू नका. जुना डबा परत मागितला तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि परत दिल्याची पावती घ्या. मोबाइलमधले मूळ संदेश पुसू नका. कायदा म्हणतो, तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत, लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात जास्त काळ लागतो. तेवढी तयारी ठेवूनच जा. मध्यस्थीचा पर्याय सुचवला तर तो झिडकारू नका, डब्याच्या वादाला तो बरा पडतो.

ही सगळी यंत्रणा सरकारनं आपणहून दिलेली नाही. कायदा १९८६ चा, पण बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली ती १९७४ मध्ये. मुंबईची ग्राहक पंचायत १९७५ ची. कायद्याच्या आधी बारा वर्षं या महाराष्ट्रातली माणसं वजनं-मापं, भेसळ आणि बिलं यांसाठी भांडत होती. त्यांच्या हातात तराजू होता, आपल्या हातात मॉडेल नंबर आहे. तालुक्याच्या गावात ग्राहक पंचायतीचा एखादा जाणता कार्यकर्ता बहुधा सापडतो. पत्र पाठवण्याआधी त्याला दाखवा.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नका. रागाच्या भरात बिल भरणं बंद करू नका. त्यानं कंपनीच्या हातात तुमच्याविरुद्धचं कारण पडतं आणि तुमची बाजू लंगडी होते. पैसे भरा, ‘हक्क राखून भरत आहे’ असं ई-मेलनं कळवा आणि तक्रार चालू ठेवा.

आज रात्री जेवणं झाली की डबा भिंतीवरून काढा. मॉडेल नंबर, बनवल्याची तारीख, अ‍ॅडॉप्टरचे आकडे आणि मागची भोकं, असे चार फोटो घ्या आणि जोडणीच्या बिलाशेजारी ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा बिलावरची तारीखही बघून घ्या.